वाडीतल्या वायरलेस नेटचे तिघांचे तीन अनुभव, आणि तिन्ही खरे कसे

आधी मला आलेला प्रश्न काय आहे ते थोडक्यात. संगमेश्वर तालुक्यात डोंगराच्या कुशीत वाडी, फायबर ग्रामपंचायतीच्या ऑफिसपर्यंत आलंय पण वाडीत नाही. समोरच्या सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या पठारावर, साधारण चार किलोमीटरवर एका लोकल ऑपरेटरचा टॉवर आहे, तो छपरावर डिश लावून नेट देतो. वाडीत तिघांनी घेतलंय. पहिला म्हणतो एकदम मस्त चाललंय, दुसरा म्हणतो पाऊस आला की बंद, तिसरा म्हणतो दिवसा ठीक पण रात्री आठ वाजता व्हॉट्सॲपवर फोटोसुद्धा जात नाही. घरची मुलगी पुण्याची नोकरी गावातून करणार आहे, कारण आईवडील थकलेत. तर घ्यायचं का, आणि तिघांपैकी खरं कोणाचं मानायचं?

तिघांचंही खरं माना. मी बरीच वर्षं चिपळूण, पाटण, शिराळा या डोंगरी पट्ट्यात हेच काम करतोय, टॉवरवर चढून रेडिओ (सिग्नल पाठवणारं आणि घेणारं यंत्र, घरच्या डिशमध्येही तेच असतं) लावण्यापासून गिऱ्हाईकाच्या घरी राउटर बदलण्यापर्यंत, आणि लोकांना पहिल्यापासून एकच सांगत आलोय, वायरलेसमध्ये "कंपनी कशी आहे" हा अर्धा प्रश्न आहे. फायबरमध्ये एका गल्लीतल्या दहा घरांचा अनुभव साधारण सारखा येतो कारण काच सगळ्यांकडे तीच पोचते. इथे प्रत्येक घराचा टॉवरशी वेगळा रस्ता आहे, तो हवेतून जातो, मध्ये कोणाच्या आड आंबा येतो, कोणाच्या आड शेजाऱ्याची पाण्याची टाकी येते. म्हणून शेजाऱ्याला "नेट कसं आहे" विचारू नका, "नेट कधी जातं" ते विचारा. कधी जातं ते कळलं की का जातं ते बहुतेक वेळा घरात पाऊल न टाकता सांगता येतं.

पाऊसवाल्यापासून सुरुवात करतो कारण कोकणात ही तक्रार सगळ्यात जास्त. सगळे समजतात की पावसाने सिग्नल अडतो. हे रेडिओ बहुतेक 5.8 गिगाहर्ट्झच्या आसपास चालतात आणि त्या फ्रिक्वेन्सीवर तासाला 100 मिलिमीटर असा धो धो पाऊस पडला तरी किलोमीटरमागे सिग्नल जेमतेम एखादा डेसिबल (सिग्नलची घट मोजायचं माप) कमी होतो. चार किलोमीटरच्या लिंकला तीनचार डेसिबल. नीट लावलेल्या लिंकमध्ये एवढी शिल्लक असायलाच पाहिजे, म्हणजे नुसत्या पावसाने ती पडायला नको. मग का पडते? एक म्हणजे ओली पानं. कोरड्या पानातून थोडाफार सिग्नल गळून येतो, उन्हाळ्यात त्यावर काम भागतं, आणि मृगाच्या पहिल्या पावसात तीच पानं पाण्याने लडबडली की संपलं. हा दुसरा शेजारी उन्हाळ्यात कनेक्शन घेतलेला असणार, मी न बघता सांगतो. टेक्निशियनने एप्रिलमध्ये आंब्याच्या फांदीतून डिश मारली, लॅपटॉपवर स्पीड दाखवला, पैसे घेतले आणि गेला.

दुसरं कारण वीज. पाऊस आला की लाइट जाते, घरातली गेली तर तुमचं नेट जातं, सड्यावरची गेली आणि ऑपरेटरची बॅटरी थकलेली असेल तर अख्ख्या गावाचं जातं. गिऱ्हाईकाला दोन्ही सारखंच दिसतं, पाऊस आला आणि नेट गेलं. तिसरं कारण जॅक. छपरावरच्या डिशपासून घरात येणारी केबल, तिच्या टोकाचा आरजे 45 जॅक, त्यात पाणी शिरतं, पिनांवर हिरवट बुरशीसारखं चढतं, आणि समुद्र जवळ असेल तर खाऱ्या हवेने हे आणखी लवकर होतं. याची खूण अशी की पाऊस थांबला तरी नेट लगेच येत नाही, ऊन पडून दोनचार तास गेले की आपोआप येतं. असं होत असेल तर कस्टमर केअरशी भांडण्यात वेळ घालवू नका, जॅक कापून नवीन मारायला सांगा, बाहेरची केबल आउटडोअर ग्रेडची आहे का बघा, आणि केबल भिंतीत शिरण्याआधी खाली वाकवून मग वर घेतलेली पाहिजे म्हणजे पाणी त्या वळणावरून ठिपकून जातं, केबलवरून घरात येत नाही. दहा मिनिटांचं काम आहे आणि निम्म्या घरांत केलेलं नसतं, मला याचा मनापासून राग येतो.

आणि वानर. शहरातल्या इंजिनिअरला हे पटत नाही पण कौलावरून वानर गेली की डिशला धक्का लागतो, कधी केबल चावतात. चार किलोमीटरवर डिश चारपाच अंश फिरली तरी सिग्नल धपकन खाली येतो. जीआयचा पाइप भिंतीला दोन ठिकाणी क्लॅम्प करून घ्या, एका खिळ्यावर नको.

आता तिसरा, रात्री आठवाला. त्याच्या डिशमध्ये काहीच दोष नसू शकतो. टॉवरवरचा एक सेक्टर म्हणजे एक रेडिओ, त्यावर वीस, तीस, कधी पन्नास घरं. जुन्या पद्धतीच्या रेडिओवर 20 मेगाहर्ट्झचा चॅनेल घेतला तर कागदावर 130 ते 144 एमबीपीएस लिहिलेलं असतं, हातात पडतं त्याच्या साधारण दोनतृतीयांश, आणि तेसुद्धा डाउनलोड अपलोड मिळून, सगळ्या घरांत मिळून. दिवसा लोक शेतावर, शाळेत, म्हणून मोकळं मिळतं. रात्री आठला सगळ्यांची टीव्ही सुरू, मुलांचे मोबाइल सुरू, आणि मग प्रत्येकाच्या वाट्याला काय येणार.

पण इथे एक गोष्ट आहे जी गिऱ्हाईकांना कोणी सांगत नाही आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची तीच आहे. सेक्टरवर स्पीड वाटला जात नाही, वेळ वाटला जातो. रेडिओ एका वेळी एकाच घराशी बोलतो. ज्याचा सिग्नल चांगला त्याच्याशी 130 च्या वेगाने बोलतो आणि मोकळा होतो, ज्याचा सिग्नल फाटका त्याच्याशी 13 च्या वेगाने बोलतो, म्हणजे तोच व्हिडिओ पोचवायला दहापट वेळ लागतो आणि तेवढा वेळ बाकीचे थांबलेले. सार्वजनिक नळावर बारीक तोंडाची कळशी घेऊन एकजण बसला की मागची अख्खी रांग अडते तसं हे आहे. म्हणजे तुमच्या वाडीतला तो दुसरा, आंब्याच्या फांदीतून डिश मारलेला, त्याचा कमजोर सिग्नल फक्त त्याला त्रास देत नाही, त्याच सेक्टरवर असेल तर तिसऱ्याचं रात्रीचं नेटही तोच खातोय, आणि दोघांनाही हे माहीत नाही. नवीन रेडिओंमध्ये प्रत्येकाला वेळ मोजून द्यायची सोय असते, पण ती चालू करायला ऑपरेटरला कळावं लागतं, आणि मुळात कमजोर सिग्नलच्या घराला कनेक्शन नाही म्हणायची हिंमत लागते. महिन्याला पाचशे सहाशे रुपये देणाऱ्या गिऱ्हाईकाला नाही म्हणणं लहान ऑपरेटरला जड जातं हे मला समजतं, पण जो नाही म्हणतो त्याचंच नेट पाच वर्षांनी चांगलं राहिलेलं मी बघितलंय. म्हणून ऑपरेटरने वाडीतल्या एखाद्या घराला "तुमच्याकडे टॉवर दिसत नाही, मी देणार नाही" असं सांगितल्याचं ऐकलंत तर तो माणूस चांगला समजा.

पहिल्याचं मस्त का चाललंय हेही बघा. त्याचं घर वाडीच्या वरच्या अंगाला असणार, छपरावर उभं राहिलं की टॉवर डोळ्यांनी दिसत असणार. मात्र नुसता दिसून भागत नाही, हे जरा समजून घ्या. रेडिओची लाट दोरीसारखी सरळ जात नाही, मध्यावर फुगते, त्याला फ्रेनेल झोन म्हणतात. चार किलोमीटरच्या लिंकला 5.8 गिगाहर्ट्झवर मध्यावर त्याची त्रिज्या सात मीटरच्या आसपास येते आणि निदान 60 टक्के तरी मोकळा पाहिजे, म्हणजे नजरेच्या रेषेच्या खाली-वर, डावी-उजवीकडे सव्वाचार मीटर काहीही आड येता कामा नये. झाडाच्या शेंड्यावरून टॉवर जेमतेम दिसतोय म्हणून लोक खूश होतात आणि लिंक मात्र रडत चालते ती यामुळे. घाटावर हाच प्रकार उसात होतो. कराड, वाळवा, शिराळ्याच्या बाजूला शेतातल्या वस्तीवर पत्र्याच्या बुटक्या घरावर डिश लावली की तोड झाल्यावर नेट पळतं, आणि गणपतीपर्यंत ऊस डोक्यावर गेला की तेच गिऱ्हाईक म्हणतं कंपनीने स्पीड कमी केला. कंपनीने काही केलेलं नसतं, ऊस साडेतीन मीटर झालेला असतो. बारा फुटी पाइप टाकला की प्रश्न मिटतो.

तुमच्या घराचं तुम्ही लिहिलंय की ते खाली पऱ्याच्या (ओढ्याच्या) बाजूला आहे आणि समोर कलमांची बाग. मग सरळ सांगतो, तुमच्या छपरावरून सड्यावरचा टॉवर मिळण्याची आशा कमी धरा. पण घरापासून शंभर मीटरच्या आत परसात कुठे उंचवटा असेल, जिथून टॉवर स्वच्छ दिसतो, तर तिथे पाइप गाडून डिश लावता येते, कारण ही केबल शंभर मीटरपर्यंत चालते आणि तीच केबल वीजही नेते, वेगळी वायर टाकावी लागत नाही. इतक्या लांब टाकताना तांब्याचीच केबल घ्या, ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्त मिळते तिच्यात व्होल्टेज पडतं आणि रेडिओ अधूनमधून आपोआप रीस्टार्ट होतो, मग लोक महिनोन् महिने टॉवरला दोष देत बसतात.

पैसे देण्याआधी ऑपरेटरला चार गोष्टी विचारा आणि त्याचा चेहरा बघा. माझ्या घरी सिग्नल किती येईल? सिग्नलचा जोर डीबीएममध्ये मोजतात, आकडा मायनसमध्ये असतो आणि मायनसपुढचा आकडा जितका मोठा तितका सिग्नल कमजोर. मायनस 50 ते मायनस 65 च्या मध्ये आला तर उत्तम, मायनस 70 च्या पलीकडे गेला तर घेऊ नका, मायनस 80 ला तर फुकट दिलं तरी नको. आकडा त्याच्या मोबाइलवर रेडिओच्या पानावर दिसतो, दाखव म्हणावं, फोटो काढून ठेवा, सहा महिन्यांनी तक्रार करताना हा फोटो कामाला येतो. मग विचारा सेक्टरवर घरं किती आहेत, टॉवरवर लाइट गेल्यावर किती तास चालतं, आणि बिघाड झाला तर चढायला माणूस कोण आहे आणि तो राहतो कुठे. शेवटचा प्रश्न लोक विचारत नाहीत. मुंबईत हेल्पलाइन असलेली मोठी कंपनी आणि देवरुखात राहणारा एक पोरगा ज्याच्याकडे शिडी आणि क्रिंपिंग टूल (केबलला जॅक मारायची पक्कड) आहे, यात जुलै महिन्यात तुमच्या कामाला कोण येणार ते तुम्हीच बघा. जून 2020 मध्ये निसर्ग वादळ श्रीवर्धन दिवेआगरवरून गेलं तेव्हा रायगडात विजेचे खांबच आडवे झाले होते, अशा वेळी ज्याच्या टॉवरजवळ जनरेटर नेणारा स्थानिक माणूस होता त्याचं नेट आधी आलं, ज्याचं सगळं लांबून चालायचं त्याचं नंतर.

घरातलंही जरा नीट करून घ्या. रेडिओ आणि राउटर मिळून साधारण 15 ते 20 वॅट खातात, 12 व्होल्ट 7 अँपिअर-अवरच्या लहान बॅटरीवर तीनेक तास निघतात, राउटरसाठी मिनी यूपीएस मिळतात ते घ्या पण रेडिओच्या पीओई अडॅप्टरला (नेटच्या केबलमधूनच रेडिओला वीज देणारा डबा) बहुतेक 24 व्होल्ट लागतात, तेव्हा यूपीएस घेताना 24 चं आउटपुट आहे का बघून घ्या, नाहीतर राउटर चालू आणि रेडिओ बंद. घरात इन्व्हर्टर असेल तर प्रश्नच नाही, दोन्ही अडॅप्टर त्यावर टाका. मे महिन्यातला वळीव आणि ऑक्टोबरचा परतीचा पाऊस, या दोन वेळी वीज कडाडायला लागली की नुसतं बटण बंद करू नका, पीओईमधून केबल उपसून ठेवा. पाइपला अर्थिंग करून घ्या. वीज जवळ पडली की राउटरचा पोर्ट जातो आणि रेडिओही जातो, आणि वॉरंटीत विजेने जळालेलं बहुतेक कोणी धरत नाही.

जांभ्याचं घर असेल तर आणखी एक. दीड फुटी चिऱ्याच्या भिंतीतून 5 गिगाहर्ट्झचं वायफाय जात नाही म्हणजे नाहीच जात, 2.4 चं रडतखडत एक भिंत ओलांडतं. ओटीवर राउटर ठेवून माजघरात स्पीड मोजायचा आणि ऑपरेटरला शिव्या द्यायच्या हे मी रोज बघतो. ज्या खोलीत मुलगी काम करणार तिथे राउटर ठेवा, किंवा केबल टाकून तिथे दुसरा ॲक्सेस पॉइंट, म्हणजे वायफाय देणारा डबा, लावा. ऑफिसचा लॅपटॉप तर केबलनेच जोडा.

दोष घरात आहे की बाहेर हे ओळखायची सोपी रीत सांगतो. लॅपटॉपवर काळी खिडकी (कमांड प्रॉम्प्ट) उघडून आधी राउटरला पिंग मारा, म्हणजे एक छोटा निरोप पाठवून उत्तर यायला किती मिलिसेकंद लागतात ते बघा, राउटरचा पत्ता बहुतेक 192.168.1.1 किंवा 192.168.0.1 असतं. इथेच पिंग तुटत असेल किंवा मध्येच शंभर दोनशे दाखवत असेल तर दोष तुमच्या वायफायचा, ऑपरेटरचा नाही. राउटर ठीक असेल तर ऑपरेटरच्या गेटवेला मारा, पत्ता त्याच्याकडून मागून घ्या, इथे तुटलं तर डिश ते टॉवर या रस्त्यात दोष. तेही ठीक असेल तर गुगलच्या 8.8.8.8 या पत्त्याला, आणि फक्त इथेच वाईट असेल तर टॉवरच्या पुढची ऑपरेटरची लाइन कमी पडतेय, तुमच्या डिशला हात लावून उपयोग नाही. हे तिन्ही सकाळी अकराला आणि रात्री नऊला करून आकडे वहीत लिहून ठेवा. "नेट स्लो आहे" म्हणून फोन केला तर "रीस्टार्ट करून बघा" ऐकायला मिळतं. "रात्री नऊला तुमच्या गेटवेला शंभरात वीस पॅकेट पडतायत", म्हणजे शंभर पिंगांतली वीस वाटेत हरवतायत, असं म्हटलं की पलीकडचा माणूस खुर्चीत सरळ बसतो.

मुलीच्या कामाला 100 एमबीपीएसचा प्लॅन लागत नाही हेही लक्षात घ्या. व्हिडिओ कॉलला दोनचार एमबीपीएस पुरतात, पण ते दोन्ही बाजूंनी आणि न थांबता पाहिजेत. अपलोड किती मिळेल ते वेगळं विचारा, प्लॅनवर लिहिलेला आकडा डाउनलोडचा असतो. सरकारी व्याख्येत 2023 पासून ब्रॉडबँड म्हणजे किमान 2 एमबीपीएस, त्याआधी 512 केबीपीएसलाच ब्रॉडबँड म्हणायचे, तेव्हा "ब्रॉडबँड" या शब्दावरून काही मिळेल अशी खात्री धरू नका, आकडा लिहून घ्या. शेतावरचा किंवा घराचा सीसीटीव्ही पुण्यातून बघायचा असेल तर तेही आधी सांगा. बहुतेक लहान ऑपरेटर खूप घरांना एकाच पब्लिक आयपीच्या, म्हणजे इंटरनेटवरच्या एकाच पत्त्याच्या, मागे ठेवतात, त्यामुळे बाहेरून थेट कॅमेऱ्याला जोडता येत नाही, क्लाउडवर चालणारा कॅमेरा घ्यावा लागतो नाहीतर स्टॅटिक आयपीचे, म्हणजे स्वतःच्या कायमच्या पत्त्याचे, वेगळे पैसे.

एअरफायबर, म्हणजे मोबाइल कंपनीच्या 5जी टॉवरवरून घरात येणारं नेट, ते घेऊ का हेही तुम्ही विचारलंय. जिओ एअरफायबर सप्टेंबर 2023 मध्ये मुंबई पुण्यासह आठ शहरांत सुरू झालं, एअरटेलचं त्याच्या महिनाभर आधी, आता बऱ्याच तालुक्यांत पोचलंय. छपरावर बसवलेल्या डब्याला 5जी टॉवर चांगला मिळत असेल तर अनुभव छान येतो, मी स्वतः लोकांना घ्या म्हणून सांगितलंय. पण तिथेही तोच नियम, टॉवरपासून तुमचं छप्पर कसं आहे आणि त्या टॉवरवर किती जण. आणि कोकणात त्याची खरी परीक्षा गणपतीत होते. चाकरमानी आले की ज्या मोबाइल टॉवरवर एरवी दोनशे फोन असतात तिथे हजार दीड हजार येतात, तुमच्या घरच्या एअरफायबरची हवा आणि त्यांच्या मोबाइलची हवा शेवटी त्याच टॉवरची. लोकल ऑपरेटरच्या सेक्टरवर मात्र त्याची घरंच असतात, पाहुण्यांचे मोबाइल वायफायवर चढतात तेवढाच भार. शिमगा आणि मे महिन्यातही हेच. मुलीला गणपतीच्या आठवड्यात ऑफिसचं काम असेल तर दोन्ही प्रकारच्या शेजाऱ्यांना मागच्या गणपतीत काय झालं ते नक्की विचारा. 5जीच्याच 26 गिगाहर्ट्झच्या पट्ट्याची गोष्ट पण कानावर येईल, त्यावर स्पीड भरपूर मिळतो, पण मगाचाच 100 मिलिमीटरचा पाऊस तिथे किलोमीटरमागे 15 डेसिबलच्या आसपास खातो, तेव्हा आपल्या पावसात लांबच्या वाडीसाठी ते नाही.

सॅटेलाइटबद्दल एवढंच की स्टारलिंकला जून 2025 मध्ये सरकारी परवाना मिळाला. त्याचे उपग्रह साडेपाचशे किलोमीटरच्या आसपास फिरतात म्हणून पिंग कमी लागतो, छत्तीस हजार किलोमीटरवरच्या उपग्रहावरून चालणाऱ्या जुन्या व्हीसॅट नेटसारखे 600 मिलिसेकंद लागत नाहीत. पण त्याला डोक्यावरचं आकाश चहूबाजूंनी मोकळं लागतं, माडापोफळीच्या आगरात ते मिळणं अवघड, आणि वीज 50 ते 100 वॅट, म्हणजे लाइट गेल्यावर लहान यूपीएसवर भागणार नाही. जिथे समोर डोंगराची भिंत आहे आणि कुठलाच टॉवर दिसत नाही तिथे तो पर्याय. तुमच्याकडे आधी बाकीचं करून बघा.

काही जण म्हणतात वायरलेस म्हणजे तात्पुरता जुगाड, फायबरची वाट बघा. मला हे पटत नाही. आयआयटी मुंबईच्या ग्राममार्ग प्रकल्पात प्राध्यापक अभय करंदीकरांच्या टीमने पालघर जिल्ह्यात खामलोलीला टीव्हीच्या रिकाम्या पट्ट्यातून आणि नंतर पंचवीसेक गावांत 5.8 वरून नेट पोचवून दाखवलंय. ऑक्टोबर 2018 मध्ये सरकारने 5 गिगाहर्ट्झमधला 605 मेगाहर्ट्झचा पट्टा घराबाहेरही विनापरवाना वापरायला मोकळा केला, त्याने लहान ऑपरेटरांना खरा श्वास मिळाला, बीएसएनएलनेही जानेवारी 2021 मध्ये अकोला वाशीमला भारत एअर फायबर याच पट्ट्यावर सुरू केलं. तंत्र पक्कं आहे. फायबर रस्त्याच्या कामात जेसीबीने तुटलं की आठवडाभर गेलं हेही आपण बघतोच. लावणारा नीट पाहिजे आणि नंतर बघणारा पाहिजे, दोन्हीकडे.

तक्रारीचं. बिल घ्याच, त्यावर जीएसटी 18 टक्के आणि परवाना कोणाच्या नावाचा आहे ते दिसतं, गावातला पोरगा फक्त फ्रँचायझी असतो. मोठ्या कंपनीचं कनेक्शन असेल तर तक्रार नंबर घ्या, सुटलं नाही तर 30 दिवसांत त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे जाता येतं आणि त्याला 39 दिवसांत निकाल द्यावा लागतो. ट्राय (टेलिकॉम कंपन्यांवरची सरकारी नियामक संस्था) एकेकट्याच्या तक्रारी सोडवत नाही, तिकडे मेल करून वेळ घालवू नका. लहान ऑपरेटर असेल तर ग्राहक हेल्पलाइन 1915, आणि अगदीच अडलं तर जिल्हा ग्राहक आयोग, पाच लाखांपर्यंतच्या सेवेला तिथे फी नाही, आणि टेलिकॉमची तक्रार ग्राहक आयोगात चालते हे सुप्रीम कोर्टाने फेब्रुवारी 2022 मध्ये स्पष्ट केलंय. मात्र कुठेही गेलात तरी सिग्नलचा फोटो आणि पिंगची वही लागेल.

आता तुमचं. घाई करून उन्हाळ्यात घेऊ नका, जुलैमध्ये डेमो मागा, आठ दिवस चालवून बघा, परसातल्या उंचवट्यावरून. ते जमलं नाही तर पहिल्या शेजाऱ्याशी बोला ज्याचं मस्त चाललंय. त्याच्या छपरावर ऑपरेटरला दुसरी लहान डिश तुमच्या दिशेने लावायला सांगा, दोनतीनशे मीटरची लिंक आहे, एखादं झाड आड आलं तरी निभावते. त्या दुसऱ्या शेजाऱ्यालाही सांगा, फांदीतला सिग्नल सोडून त्यानेही तिथूनच घ्यावं, म्हणजे तो सेक्टर मोकळा होईल आणि तिसऱ्याची रात्रही सुटेल. फक्त आधी दोन गोष्टी ऑपरेटरला सगळ्यांसमोर बोलायला लावा आणि कागदावर घ्या. तुमचं प्रत्येकाचं कनेक्शन वेगळ्या नावाने आणि वेगळ्या बिलावर, म्हणजे एकाने पैसे थकवले तर दुसऱ्याचं बंद होणार नाही. आणि त्या घरावरच्या डिशची वीज त्याच्या इन्व्हर्टरवरून जाणार असेल तर दोन रेडिओचे मिळून 15 वॅट, महिन्याला दहाबारा युनिट, ते पैसे ऑपरेटरने त्याच्या बिलातून वजा करावेत.